उताराकडची चौकट

"वहिनी, आटपा! अकरा वाजले की मी औषध मारायला घेनार," फवारणीच्या ट्रॅक्टरवरून ड्वाइट ओरडला.

मका निघाला की आयोवातली काळी माती उघडी पडते आणि ओढ्याच्या पाण्याबरोबर चालती होते. तिला धरून ठेवायला व्हर्लिनने तीन वर्षं मक्यामागे राय पेरली. राय म्हणजे गव्हाच्या भावकीतलंच पीक. तिसऱ्या पेरणीला उतारावर ट्रॅक्टर उलटला आणि व्हर्लिन त्याखाली गेला. आता मे महिन्यात, औषधाने राय मारून मका पेरण्याआधी, शेवटची मोजणी होती. तिच्यात राय पुरेशी भरली नाही तर त्याचा भाऊ ड्वाइट पुन्हा तिचं बी आणणार नव्हता. व्हर्लिनचं एवढंच काम मागे उरलंय, असं त्याच्या बायकोला, अर्डिसला वाटे.

ती डोळे मिटून लोखंडी चौकट खांद्यावरून मागे फेकी. ती पडेल तिथली चौकटीतली राय, मोजणीसाठी कॉलेजातून आलेली रेनाटा कापून पिशवीत भरी.

"झाल्या बारा चौकटी," अर्डिस म्हणाली.

"पन उताराकडं एकबी गेली न्हाई, काकू."

"डोळे मिटून फेकते की गं!"

"डोळे मिटत्यात, मनगट कुठं मिटतंय?"

"अगं पोरी, शितावरनं भाताची परीक्षा!" ड्वाइट मध्येच म्हणाला. "व्हर्लिन चारच कापायचा."

"भात एका भांड्यात शिजतो, काका. हितं राय कुठं गुडघ्याएवढी, कुठं छातीएवढी. चारावर बोलले तर उद्या तुमीच म्हनाल, चांगली बघून कापली."

 ड्वाइट तेच म्हणणार होता.

जागा मनगटाने निवडायला नको म्हणून रेनाटाने कॉफीच्या डब्यात पावलांच्या आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या. अर्डिसने एक काढली. पावलं मोजत दोघी निघाल्या आणि उतारापाशी अर्डिसचे पाय थांबले.

ट्रॅक्टरबरोबर उलटलेल्या पेरणीयंत्रातलं बी तिथे ढिगाने सांडलं होतं. राय अशी दाट उगवली होती की खाली उजेड जात नव्हता. सारं रान गप्प असताना तेवढा तुकडा हलताना तिला स्वयंपाकघरातून दिसे. मार्चपासून तिने त्या खिडकीचा पडदा उघडला नव्हता. चर्चमध्ये कुणाला सांगावं, तर बाया डोळे पुसत तिच्यासाठी प्रार्थना करत बसल्या असत्या.

"तिथं नगं," ती म्हणाली. "तिथं त्यो हाय."

रेनाटाने विळा तिच्यापुढे धरला. मग म्हणाली, "मग त्यांनाच मोजनीतनं वगळायचं का, काकू?"

अर्डिस आत शिरली. चौकट टेकवून तिने स्वतः विळा चालवला. मोठ्याने रडत कापत होती, कुणाची लाज न धरता. पिशवी इतरांच्या तिप्पट भरली. रेनाटाने ती तोलून वहीत आकडे मांडले आणि कपाळाला हात लावला.

"ह्या एका पिशवीनं आकडे लई फाकले. आता बारा-तेरावर सरासरी खरी धरता येत न्हाई. आनखी अठरा तरी लागत्याल."

"जित्तेपनीबी ह्या मानसानं कधी येळेवर घरी जाऊ दिलं न्हाई," अर्डिस नाक पुसत म्हणाली.

"अठरा? मग आज फवारनी ऱ्हायलीच की!" भांडायचं म्हणून ड्वाइटने इंजिन बंद केलं आणि तणतणत उताराकडे आला.

आवाज थांबला तसं रान एकदम शांत झालं. रायचं पातंही हलत नव्हतं. फक्त कापलेल्या चौकोनाभोवतीची ताटं हलत होती.

ड्वाइटने टोपी काढली.

"वारा न्हाई आज," तो हळूच म्हणाला.

"न्हाई," अर्डिस म्हणाली आणि डबा त्याच्यापुढे धरला. "काढा फुडची चिठ्ठी."

त्याने डब्यात हात घातला.