तीनशे अकरा

तिने मसुद्याचं नववं पान टेबलावर उलटं टाकलं आणि त्यावर तळहात दाबून धरला.

"हे पान असंच राहणार असेल तर माझी सही नाही."

"आलं बाई परत नववं पान," टक्के म्हणाला आणि खुर्चीत मागे रेलला.

टक्के हा खरं तर मोठ्या विमानांचा कॅप्टन. पण वैमानिक संघटनेत कुणीच त्याला त्याच्या नावाने हाक मारत नसे. पगारवाढीचे टक्के हा माणूस झोपेतही मोजत असणार, यावर सगळ्यांचं एकमत होतं. सकाळी दहापासून तो, संघटनेचे अध्यक्ष आणि को-पायलटांच्या वतीने ती, असे तिघं या न उघडणाऱ्या खिडकीच्या खोलीत अडकले होते. कंपनीची माणसं शेजारच्या खोलीत बसली होती. फायली इकडून तिकडे जात होत्या, कॉफी येत होती आणि तशीच गार होत होती. कंपनीने पाच वाजेपर्यंतची मुदत दिली होती. तोपर्यंत तिघांच्या सह्या झाल्या तर चार वर्षांचा करार, नाहीतर सगळं पहिल्यापासून.

"चौदावरून साडेसतरावर आणलंय मी त्यांना," टक्के म्हणाला. "दात पाडून घेतले स्वतःचे. वर जमिनीवर थांबल्याचे अर्धे पैसे. आजवर काय होतं? विमान हललं की मीटर सुरू. त्याआधी दोन तास दारं उघडी टाकून बसा, ते फुकट. टॅक्सीवाला तरी ऐकेल का हे?"

"मी कुठे नाही म्हणतेय? साडेसतरा चांगलेच आहेत."

"मग घोडं कुठे अडलं?"

तिने पान सुलटं केलं. सहाव्या कलमानंतर एकदम आठवं होतं. मध्ये बोटभर पांढरी जागा. सातवं कलम तिने स्वतः लिहिलं होतं, मुलगा पोटावर झोपलेला असताना, एका हाताने. बाळंतपणासाठी घेतलेल्या बिनपगारी रजेमुळे कुणाचाही ज्येष्ठता यादीतला नंबर खाली जाणार नाही, आणि आधी गेलेला असेल तर तो परत मिळेल. एवढंच. साडेसतरा देताना कंपनीने ते अलगद काढून घेतलं होतं.

त्यांच्या धंद्यात यादीतला नंबर म्हणजे सगळं. कुणाला कुठली फेरी, कुणाला कधी सुट्टी, कोण कधी डावीकडच्या खुर्चीत कॅप्टन म्हणून बसणार, सगळं त्या नंबरावर. तिचा नंबर होता तीनशे अकरा. दिवस गेल्याचा डॉक्टरांचा कागद कंपनीत पोचला त्याच दिवशी तिला विमानातून उतरवलं. सात महिने तेव्हाचे आणि चार नंतरचे, अशी अकरा महिन्यांची रजा झाली. परत आली तेव्हा ती तीनशे चौपन्न होती. ती खाली सरकली तशी तिच्या मागची माणसं एकेक घर वर चढली. तिच्या लगेच मागे, तीनशे बारावर, तिचा नवराच होता. दोघं एकाच तुकडीतले. कॅप्टनच्या पुढच्या प्रशिक्षणाला वीस जणांना घेणार होते, आणि यादीवर वीस मोजले की बोट तीनशे अकरावर येऊन थांबत होतं.

"हे बघ बाळ," अध्यक्ष म्हणाले. तीस वर्षं विमान चालवलेला माणूस. तिला पहिल्यांदा वादळातून विमान उतरवायला त्यांनीच शिकवलं होतं, शेवटपर्यंत स्वतःचे हात मांडीवर ठेवून. "पुढच्या करारात घेऊ आपण हे. माझा शब्द."

"पुढचा करार चार वर्षांनी. तेव्हा तुम्ही निवृत्त असाल, सर."

ते चष्मा काढून पुसत बसले.

"किती बायका आहेत गं आपल्यात?" टक्केने विचारलं. "एकोणीस? आणि माणसं बाराशे. एकोणीस जणींसाठी बाराशे घरांचा घास अडवायचा?"

"त्या बाराशेंना जन्म कुणी दिला, कंपनीने?"

"वा! आता हे भाषण."

"भाषण नाही. मला राग आलाय."

कोटाच्या आत तिचा शर्ट ओला होऊ लागला होता. तीन वाजून गेले असणार, मुलाला पाजायची वेळ. तिने कोट पुढे ओढून घेतला आणि हाताची घडी घातली. दोघांनी खिडकीकडे पाहिलं. आज सकाळी हा कोट नवऱ्यानेच झटकून हातात दिला होता. मुलाचं तोंड पुसता पुसता म्हणाला होता, "आज सोडू नकोस हं."

अध्यक्षांनी बॅगेतून एक कागद काढला. थोडा वेळ हातात धरून ठेवला.

"मला हे दाखवायचं नव्हतं. मंगळवारी आलं. तुझ्याच लोकांकडून, को-पायलटांकडून. एक्केचाळीस जण आहेत. सातव्या कलमापायी पगारवाढ अडवू नये, असं म्हणतायत."

तिने कागद ओढून घेतला. संघटनेच्या कागदांवर नावं लिहायची पद्धत नव्हती. एकाच नावाचे चार चार जण असतात, नंबर मात्र ज्याचा त्याचाच. दोन रांगांत आकडे होते, निळे, काळे, घाईघाईचे. दोनशे पंच्याण्णव. तीनशे चार. तीनशे अकरा.

आपलाच नंबर बघून ती क्षणभर चक्रावली. मी कधी केली सही? मग त्यातला एकचा आकडा दिसला, लांब नाकाचा आणि खाली पाय फुटलेला. घरी फ्रिजवर मुलाच्या खाण्याच्या वेळांचा कागद चिकटवलेला होता. त्यावर सकाळच्या अकरासमोर नवऱ्याच्या हातचे असलेच दोन एकचे आकडे शेजारी शेजारी उभे असायचे.

"कोण कोण आहे बघितलंस?" टक्के म्हणाला. "परके नाहीत. तुझीच माणसं."

"हो," ती म्हणाली. "दहा मिनिटं द्या."

कागद आणि पेन घेऊन ती बाहेर व्हरांड्यात गेली. फोन पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"बोल गं. झालं का?" मागे वाटीत चमचा वाजत होता.

"काय करतोय तो?"

"बाटली बघितली की मान फिरवतोय. हट्ट तुझा घेतलाय. गाजर थोडं त्याने खाल्लं, बाकीचं माझ्या शर्टाने."

तिला हसू आलं, आणि आलं म्हणून आणखीच चीड आली.

"मंगळवारी तू कशावर सही केलीस?"

चमचा थांबला.

"तुला दाखवलं त्यांनी?"

"नंबर दाखवला. नाव मला माहीत होतं."

"अगं, सगळे करत होते. वीस जागा आहेत. मी बरोब्बर विसावा आहे. तुझं कलम आलं तर मी गेलो." चमचा पुन्हा वाजू लागला. "आणि पैसे काय, एकाच घरात येणार ना?"

"सकाळी मला 'सोडू नकोस' म्हणालास."

"तेही खरंच होतं गं."

तिने कपाळ खिडकीच्या काचेला टेकवलं. काच थंड होती. खाली पार्किंगमध्ये एक माणूस गाडी एका जागेत घालत होता, काढत होता, परत घालत होता.

"माझा नंबर खोडून टाक," तो हळूच म्हणाला. "कागद आहे ना तुझ्याकडे? एक रेघ मार. मी काही म्हणणार नाही. खरंच."

पेन तिच्या हातातच होतं. तिने टोपण काढलं. परत लावलं.

"मी नाही खोडणार."

"मग?"

"तू ये. पाचच्या आत. आत येऊन, त्यांच्यासमोर, तुझा तू खोड. चाळीस राहिले तरी राहू देत, मी भांडेन त्यांच्याशी. पण मला माझ्या घराशी भांडत तिथे बसता येणार नाही."

"आत्ता? तिथे? टक्के असेल ना?"

"आहे. आणि बाळालाही घेऊन ये. माझा शर्ट भिजलाय सगळा, मला धड बसवतही नाहीये."

पलीकडे मुलाने मोठ्याने काहीतरी सांगितलं. मग खुर्ची सरकली, कपाटाचं दार उघडलं, बंद झालं, पुन्हा उघडलं.

"अगं," तो म्हणाला, "त्याची टोपी कुठे ठेवलीयस?"