जिनिंगपुरतं मंगळसूत्र

"बाबा, पाय आत घ्या. दरवाजा लागून नाही राह्यला."

"दरवाजा तुहा खराब हाय, माहे पाय नाही," भगवानराव म्हणाले आणि पिशवी मांडीवर घेऊन ऐसपैस बसले.

ड्रायव्हर मी, आणि माझ्या शेजारची ती सीट रोज झुंबरबाईची. ती बिचारी मागे गेली. मागे जिनिंगला, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला जाणाऱ्या बायका आधीच कोंबून बसलेल्या, आणि त्यांच्यातच भगवानरावांची सून प्रेरणा. आरशात तिचा चेहरा पाहिला तर पार उतरलेला. माझंही डोकं सणकलं. दुपारी इतक्या फेऱ्या असतात, पण या म्हाताऱ्याला धाडच्या बाजाराला जायची हुक्की आली ती आजच, सकाळी, आणि माझ्याच गाडीत!

डोकं सणकायचं कारण सांगतो. प्रेरणाचा नवरा गणेश दोन वर्षांपूर्वी वारला. बीटी कापसाच्या बोंडातही अळी निघाली आणि सगळं गाव विषारी औषध फवारत सुटलं, त्या साली. फवारता फवारता वावरातच पडला. माझ्याच गाडीतून त्याला बुलडाण्याला नेला आणि माझ्याच गाडीतून परत आणला. त्यानंतर भगवानरावांनी सुनेच्या गळ्यात, कपाळावर काही येऊ दिलं नाही. गावात सगळीकडे तसंच चालतं, त्यांना एकट्याला काय नावं ठेवायची? पण जिनिंगचा मुकादम रंगराव पडला वेगळ्या जातकुळीचा. ज्या बाईला नवरा नाही ती आपलीच, असं त्याला वाटतं. मागच्या हंगामात एका विधवेला तो रोज काहीतरी काम काढून सगळ्यांच्या मागे ठेवून घ्यायला लागला. शेवटी ती काम सोडून गेली.

प्रेरणाला काम सोडणं परवडणारं नव्हतं. मग तिनं डब्याच्या पिशवीत मंगळसूत्र ठेवायला सुरुवात केली. गावाबाहेरच्या ओढ्यावरची फरशी, म्हणजे बुटका पूल, ओलांडली की मी गाडी हळू करायचो, ती ते गळ्यात घालायची आणि झुंबरबाई हुक लावून द्यायची. संध्याकाळी परतताना फरशी यायच्या आधीच ते परत पिशवीत. गाडीतल्या एकाही बाईनं गावात तोंड उघडलं नव्हतं. आणि जिनिंगवाल्यांना वाटायचं, हिचा नवरा घरी शेती पाहतो.

आता सासऱ्यादेखत ते घातलं तर उद्यापासून बाई घरात. नाही घातलं तर तिकडे रंगराव. आणि सासरेबुवांना याची काही गंधवार्ता नाही, त्यांचं लक्ष माझ्या काचेवर.

"नौमान, हे लिंबू-मिरची कायले बांधलं बे? तुमच्यात चालते का हे?"

"नाही चालत. आमची घरवाली रुबिना रोज बोलते मले त्याच्यावरून."

"मंग काऊन बांधलं?"

"मले नाही लागत बाबा, सवारीले लागते. एका शनिवारी नव्हतं बांधलं, तं तुमच्याच गल्लीतले लोकं गाडीत बसेनात."

खोटं नाही सांगत. काचेच्या एका कोपऱ्यात ७८६, दुसऱ्या कोपऱ्यात जय गजानन, खाली लिंबू. गाडी माझी, पण तिच्या अंगावर काय असावं ते दुनिया ठरवते. पोलीस हात दाखवतो तोही आधी काच वाचतो आणि मग मला 'भाऊ' म्हणायचं की 'अबे' ते ठरवतो. वैताग आहे नुसता.

"हे काही बरोबर नाही," भगवानराव म्हणाले. "माणूस जसा हाय तसा दिसला पाह्यजे. आमच्या घरचंच पाह्य. लेक गेला, सुनेच्या गळ्यातलं उतरलं. ज्यानं बांधलं तोच नाही, तं मिरवाचं कोणासाठी?"

"बाबा, ती मागंच बसेल हाय," मी दातओठ खाऊन म्हणालो.

"मंग? मी काय चोरून बोलून राह्यलो का?"

वाटलं, गाडी सरळ ओढ्यात घालावी. फरशी आली, गेली. मी गाडी बाजूला घेतली.

"बाबा, जरा उतरून मागचं चाक पाहता का? आवाज येऊन राह्यला."

"गुडघ्यानं उतरता येत नाही मले. डायवर तू हायेस का मी?"

उतरलो. चाकाला एक लाथ घातली, म्हाताऱ्याला घालता येत नाही म्हणून. "मागून एसटी येऊन राह्यली बाबा. तिच्यात आरामात जाता तुम्ही."

"मी आरामातच हाओ," भगवानराव म्हणाले, आणि चाकाचं काय झालं ते पाहायला त्यांनी मान वळवली ती थेट बायकांकडे. प्रेरणाचा हात पिशवीत होता, तो तसाच राहिला.

"रुमाल गुंडाळून घे वो गळ्याले," झुंबरबाई हळूच म्हणाली.

"फाटकावर सोडा लागते ना मावशी."

तेही खरं होतं. जिनिंगच्या मशीनच्या पट्ट्यात काही अडकू नये म्हणून गळ्याला गुंडाळलेलं, लोंबतं काही चालत नाही. रुमाल सोडायचा, गळ्यातलं ब्लाउजमध्ये खोचायचं. नियम चांगला आहे, पण तो बघायला उभा असतो रंगराव. त्याच्यासारख्याला बायकांचे गळे बघायला नेमलं, आता काय बोलायचं?

फाटकावर तो होताच. बायका एकेक करून उतरल्या. प्रेरणा सगळ्यांच्या शेवटी.

"काय वो प्रेरणाबाई, आज गळा मोकळा? रोजचं मंगळसूत्र कुठं गेलं?"

मी स्टीअरिंगकडे पाहत बसलो. भगवानरावांना आधी कळलंच नाही. त्यांनी सुनेकडे पाहिलं, झुंबरबाईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मालक सोडून गेला का काय?" रंगराव हसला. "का पहिल्यापासूनच नाही? बरं, संध्याकाळी थांबजो जरा. बोलू आपण."

प्रेरणानं डब्याची पिशवी छातीशी धरली. झालं, म्हटलं. आता हा म्हातारा इथं फाटकावर तमाशा करणार, सुनेचा हात धरून तिला परत नेणार आणि वरून रंगरावला सगळी कर्मकहाणी ऐकवणार.

भगवानराव उतरले. गुडघ्यानं उतरता येत नव्हतं ना? दरवाजा ढकलला आणि उतरले.

"तुम्ही कोण बाबा?"

"सासरा हाओ तिचा. मंगळसूत्र तुटलं. मीच घेऊन चाललो धाडच्या बाजाराले, गाठवाले. उद्या घालून येईल ती."

"असं होय! मंग मालक काय करते हिचा? कधी दिसला नाही."

मला वाटलं, आता म्हातारा अडकणार.

"गणेश नाव हाय त्याचं," ते म्हणाले. "वावरात हाय. पऱ्हाटीले पाणी देऊन राह्यला." मग रंगरावच्या आणखी जवळ गेले. "लय रागीट हाय पोट्टा. बायकोले घरी याले उशीर झालेला खपत नाही त्याले."

"नाही नाही, उशीर कायचा?" रंगराव दोन पावलं मागे सरकला. "सगळ्यायच्या संगच सोडतो आपण."

"मामाजी..." प्रेरणाच्या तोंडून एवढंच निघालं.

"जाय तू. कामाले जाय."

तिनं डोळे पुसले आणि झुंबरबाईच्या मागोमाग आत गेली. मी भगवानरावांना हात देऊन वर घेतलं. पाय त्यांनी या वेळी आपणहून आत घेतले. गाडी निघाली.

"रोज घालते?" त्यांनी विचारलं.

"रोज."

"गणेशनं बांधलं तेच?"

"तेच."

"मले कोणी सांगतलं नाही."

मी चिडलोच. "सांगतलं असतं तं तुम्ही काय केलं असतं?"

धाडचा बाजार दिसायला लागला. बैलगाड्या, हातगाड्या, रस्त्यातच मांडलेली दुकानं, हॉर्नला कोणी दाद देईना. गाडी मुंगीच्या चालीनं चालली होती.

"रागीट नव्हता रे तो," भगवानराव एकदम म्हणाले. "मोठ्यानं बोलला नाही कधी कोणाले. मी उगाचच त्याले रागीट केला."

"मले माहीत हाय बाबा. बरं केलं तुम्ही."

मी गाडी थांबवली. ते उतरले, पिशवी खांद्याला लावली आणि दरवाजाला धरून उभे राहिले.

"जिनिंगचा हंगाम कधी संपते बे?"

"होळीच्या आसपास."

"मंग तवरोक त्याले जिताच ठेवा लागीन," ते म्हणाले आणि बाजारात शिरले.