घण निम्म्यावरून

दोन रांजण तडकले तेव्हा कुंभारीण मावशींनी दात-ओठ खाऊन पुढचा घडवायला घेतला. तिसरा मात्र कमरेइतका उंच, त्यांच्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा, अजून ओलाच फळीवर उभा होता आणि माती संपली होती. शेजारी इमारतीच्या पायासाठी यंत्राचा घण लोखंडी खांब जमिनीत ठोकत होता. दर ठोक्याला रांजण थरथरायचा.

शेवटी त्या तणतणत कुंपणापाशी गेल्या. घण चालवणारा गडी सव्वाशे किलोचा, म्हणून सोबती त्याला लाडाने हलकू म्हणत.

"तुझा घण माझ्या रांजणावर पडतोय रे."

"छे हो मावशी. तो पडतो खांबावर. त्याची ताकद जमीन पिऊन टाकते, विषय संपला."

"संपला कसा? घण वर न्यायला तुझं इंजिन धापा टाकतं. ती मेहनत घणात साठते, खाली येताना तिचा वेग होतो. आणि मग गायब? माझं चाक थांबतं ना, तेव्हा त्याची खुंटी तापलेली असते. संपत काही नाही, नुसता पत्ता बदलतं."

"अहो, पण पृथ्वी केवढी मोठी. तिला काय कळणार?"

"तिला नसेल कळत. रांजणाला कळतं. चल, दाखवते."

मावशींनी फळीशेजारी ताटलीत पाणी ठेवलं. तिकडे सोबत्याने एक ठोका दिला, इकडे पाण्यावर तरंग उठले. पंधरा वर्षं हलकू जमिनीला घणाची ताकद पाजत होता. जमीन ती अशी शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटत सुटते हे त्याला नवीनच होतं.

"पण खांब आजच आत जायला हवा," तो डोकं खाजवत म्हणाला.

"जाऊ दे की. घण निम्म्या उंचीवरून सोड. ठोका निम्मा लागेल, तर ठोके दुप्पट घाल."

सोबती कुरकुरले, पण हलकूने ऐकलं. दुपारभर हलके ठोके पडत राहिले आणि मावशींचा जीव टांगणीला लागला. संध्याकाळी खांब आत होता आणि रांजणाला केसाएवढीही भेग नव्हती. मावशींना इतका आनंद झाला की त्यांनी हलकूला हाक मारून चहाला बोलावलं आणि रांजणाशेजारीच स्टूल दिलं.

हलकूने स्टुलाकडे पाहिलं, रांजणाकडे पाहिलं. मग भिंत धरून तो खाली वाकू लागला आणि मध्येच थांबला.

"अरे, बस ना. अवघडलास का?"

"नाही मावशी," तो श्वास रोखून म्हणाला. "दोन टप्प्यांत बसतोय."