मागे न फिरणारी गाडी

माझे दीर संग्रामसिंह यांनी वर्षभर अंगण अडवून, मोटारसायकलचं इंजिन बसवून एक स्पोर्ट्स कार बनवली. गाडी हलकी हवी म्हणून दारं नाहीत, छप्पर नाही. स्वतःची ढेरी मात्र तशीच ठेवली.

"भाऊजी, रिव्हर्स गिअर?" मी विचारलं.

"मोटारसायकलला कुठे असतो? आणि वहिनी, आपलं घराणं लढवय्यांचं. मागे फिरायची रीतच नाही."

पहिल्याच दिवशी स्वारी मिरवायला टोपी बाजारातल्या अरुंद गल्लीत शिरली. समोरून मालाचा टेम्पो आला.

"पीछे लो, भैया!" सगळे ओरडू लागले.

शेवटी चार हमालांनी चार कोपऱ्यांना खांदा देऊन भाऊजींसकट गाडी बाहेर आणली.

आमचे पूर्वजही असेच चौघांच्या खांद्यावर परतायचे म्हणे. पण निदान आधी मरायचे तरी.