रत्नदीपचा रुमाल

कॉलेजच्या गॅदरिंगात फिशपॉन्डचा, म्हणजे डब्यातून काढून वाचायच्या टोमण्यांचा, एक नियम होता आणि तो प्राचार्यांच्या सगळ्या नियमांपेक्षा कडक. ज्याच्यावर फिशपॉन्ड पडला त्यानं उठायचं, स्टेजवर यायचं, गळ्यात पुठ्ठ्याचा मासा घालून घ्यायचा आणि हसायचं. रडला तो वर्षभर रडका. रागावला त्याचं तर विचारूच नका!

आणि यंदा माईकवर कोण? कळंबची कल्याणी! एस.वाय.ला. गेल्या साली हीच पोरगी हजेरीला नाव आलं की बाकाखाली शिरायची. यंदा वक्तृत्वात ढाल आणली आणि जीभ अशी सुटली, की कँटीनवाला संपतसुद्धा तिचा टोमणा खाल्ल्याशिवाय चहा देईना.

दुसरी टर्म संपत आलेली. सर लोक पोर्शन उरकायला धावत सुटलेले, झेरॉक्सच्या दुकानापुढं झुंबड, पेपर तोंडावर. अर्थशास्त्रातलं कल्याणीला ओ की ठो कळत नव्हतं. पण तिच्या बाकावर महाळुंगे पडवळची हर्षाली बसायची, मग काळजी कसली?

"अगं, मिठाचा भाव वाढला म्हणून कुणी अळणी खातं का? न्हाई ना? आणि टिकल्यांचा वाढला तर आपण एकच टिकली आठवडाभर पुरवतो. झाली मागणीची लवचीकता!" हर्षाली न कंटाळता सांगायची. ही पोरगी स्वतःसाठी कधी मोठ्यानं बोलली नाही, पण दुसऱ्याला शिकवताना तिचे डोळे चमकायचे. मास्तरीण व्हायचं होतं तिला. घरून कॉलेज मिळालं होतं ते एकाच अटीवर. तिचा चुलता चांगदेव, ज्याला सगळे तात्या म्हणत, त्यानं सांगून ठेवलेलं, "नाव कुणाच्या तोंडी आलं, की पुस्तकं चुलीत."

कल्याणीच्या घरी अट तीच, फक्त आवाज मोठा. वडील भगवंतराव म्हणजे डेअरीचे चेअरमन. त्यांनी नुसतं खाकरलं तरी गोठ्यातली म्हैस पान्हा चोरायची. आणि लेकीचं गुपित काय, तर संध्याकाळी स्टँडवर महाळुंग्याची एसटी लागली, की ती गर्दीतून हात घालून खिडकीतून दोन रुमाल टाकायची. एक स्वतःसाठी, एक वर्गातल्या रत्नदीपसाठी. कळंब येईस्तोवर दोघं शेजारी बसायची, हसायची, आणि कळंबला ती उतरायची. एवढंच. पण रत्नदीपचं घर महाळुंग्यात, बुद्धविहाराला लागून. भगवंतरावांचं पाटील आळीत. एवढंही लई झालं.

गॅदरिंगच्या दिवशी मंडप खच्चून भरला. पडद्यामागं कल्याणी ओढणी नीट करत होती, तेवढ्यात वर्गातला आगलाव्या रुपेश आला.

"कल्ले, तुज्यासाठी पण एक मासा टाकलाय डब्यात. लई गुबगुबीत!"

"कसला रे?"

"रुमालवाला."

"रुपेश, काढ तो. हात जोडते."

"डबा सरांकडं गेला. आणि आता घाबरतीस काय? दुसऱ्यांचे वाचताना तर लई दात काढतीस!"

तिनं पडदा बाजूला करून पाहिलं. कधी कॉलेजची पायरी न चढलेले भगवंतराव पहिल्या रांगेत, टोपी सावरत, शेजारच्या पाहुण्याला सांगत होते, "आता बघा, आमची पोरगी कशी बोलती!"

सर एकेक चिठ्ठी द्यायचे, कल्याणी वाचायची. मंडप नुसता हसून लोळत होता. लायब्ररीत घोरणाऱ्यावर, पावडर थापणाऱ्यावर, सगळ्यांवर पडले. मग ती चिठ्ठी हातात आली.

*एसटीच्या खिडकीतून कोण टाकतंय रुमाल?*
*रत्नदीपला जागा धरते कल्याणी, कमाल!*

पहिली ओळ तिनं वाचली. शिट्ट्या वाजल्या. भगवंतराव पुढं झुकले. कल्याणीची नजर मंडपावरून फिरली आणि मुलींच्या घोळक्यात टाळ्या वाजवणाऱ्या हर्षालीवर थांबली.

"रत्नदीपला जागा धरते... हर्षाली, कमाल!"

मंडप डोक्यावर घेतला पोरांनी! हर्षालीच्या टाळ्या तशाच हवेत राहिल्या. तिनं कल्याणीकडं पाहिलं, जणू चुकून वाचलं असेल, आता दुरुस्त करील. रत्नदीप उठला, स्टेजवर आला, खाली मान घालून त्यानं मासा घालून घेतला. मैत्रिणींनी ढकलत हर्षालीलाही वर आणलं.

"हस की गं!" कल्याणी माईकमधून म्हणाली. "नियम आहे!"

हर्षाली हसली. सगळ्यांत मोठ्यानं हसले भगवंतराव.

कार्यक्रम संपल्यावर सायकल स्टँडपाशी रत्नदीपनं तिला गाठलं.

"तिच्या घरी काय व्हईल, कळतंय का तुला?"

"आणि माझ्या घरी काय झालं असतं?"

"तुला तुझंच पडलंय. मी तात्याला खरं सांगणार."

"सांग ना," कल्याणी म्हणाली. आपला आवाज इतका थंड असू शकतो, याचं तिलाच नवल वाटलं. "चेअरमनच्या पोरीचं नाव घे. बघू कोण ऐकतंय तुझं."

तरी त्यानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो कॉलेजला आला तेव्हा त्याचा ओठ फाटलेला, एक डोळा सुजून मिटलेला. मागोमाग फाटकाशी तात्याची राजदूत मोटारसायकल थांबली. मागं हर्षाली. डोळे रडून लाल झालेले.

"पोरी, तू भगवंतरावाची ना?" तात्या म्हणाला. "आमची म्हणती, तू तिच्या बाकावर बसतीस. ते पोरगं म्हणतंय, रुमाल तुझा व्हता. मोठ्या घरावर मी आळ घेत न्हाई. तू फक्त सांग, आमच्या पोरीचं काय हाये का?"

"सांग ना गं," हर्षाली म्हणाली. "कल्याणी, तुला तर माहितीये."

रुपेश फाटकाला टेकून शेंगा खात गंमत बघत होता. रत्नदीप सरळ कल्याणीकडं बघत होता. एक ‘न्हाई’ म्हणायचं होतं. पण ‘न्हाई’ म्हटलं तर तात्या पुढं विचारणार, मग रुमाल कुणाचा?

"मला काय माहीत, काका," कल्याणी म्हणाली. "मी तर कळंबलाच उतरते."

तात्यानं किक मारली. हर्षालीनं मागं वळून पाहिलं नाही.

"कल्ले, पोचलेली हायेस राव!" रुपेशनं शेंगेचं टरफल उडवलं.

अर्थशास्त्राच्या पेपरला हर्षालीचा नंबर कल्याणीच्या पुढच्याच बाकावर होता. बाक रिकामा. पारगावकडचं स्थळ म्हणे घाईनं ठरलं होतं. हळदसुद्धा लागली असेल, असं मुली कुजबुजत होत्या. रत्नदीप पार शेवटच्या बाकावर बसला होता. येता-जाता त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही.

घंटा झाली. प्रश्न पहिला: मागणीची लवचीकता सोदाहरण स्पष्ट करा.

कल्याणीनं मीठ लिहिलं. मग टिकल्या लिहिल्या. एकदाही अडली नाही. सुपरवायझर रिकाम्या बाकावरची कोरी उत्तरपत्रिका उचलायला आले, तेव्हा तिनं हात वर केला.

"सर, पुरवणी."