समासात लिहिलेलं

तिला सगळे चष्मेवाली म्हणत, पण तिला स्वतःला चष्मा नव्हता. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून ती काचा घासायची. नंबरची गोल काच हातात आली की फ्रेममध्ये चपखल बसेपर्यंत मशीनवर तिची कड झिजवायची. अठरा वर्षं हेच काम. पुढे काउंटरवर मालक गिऱ्हाइकांशी गोड बोलत असायचे आणि मागे ही पाण्याच्या बारीक धारेखाली काच फिरवत असायची.

दुपारी मशीन बंद झालं की अर्धा तास तिचा स्वतःचा. त्या अर्ध्या तासात ती वाचायची, आणि वाचायची त्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलामुलींच्या प्रेमाच्या कादंबऱ्या. नाद लागला तो एका कॉलेजच्या मुलीमुळे. चष्मा न्यायला आलेली ती मुलगी पुस्तक काउंटरवर विसरली आणि परत फिरकलीच नाही. चष्मेवालीने ते तीन दुपारींत संपवलं, चौथ्या दुपारी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मग वाचनालय झालं, जुन्या पुस्तकांचं दुकान झालं. त्या गोष्टींतली मुलं मूर्खासारखी वागायची, रुसायची, नको ते बोलून बसायची आणि मग समोर येऊन सांगायची, की माझं असं असं झालं. ही शेवटची गोष्ट तिला फार आवडायची. वाचता वाचता ती एकटीच हसायची. मालक पडद्यातून डोकं आत घालून विचारायचे, "आज कोण कुणाच्या प्रेमात पडलं?" आणि तीही सांगायची.

विकत घेतलेल्या पुस्तकांत ती पेन्सिलीने समासात काहीबाही लिहायची. कुणाला दाखवायला नाही. एखादा मुलगा आवडला तर 'शहाणा आहे', नाही आवडला तर 'याच्या एक ठेवून द्या'.

तिची मुलगी नववीत होती. लहानखुरी, सतत लगबगीत, म्हणून घरात तिला मुंगी म्हणत. मुंगीलाही आईची पुस्तकं आवडायची, पण ते ती कुणाला कळू देत नसे.

शाळेचा निरोप फोनवर आला तेव्हा चष्मेवाली एका जाड काचेची कड घासत होती. 'आपली पाल्य वर्गात आक्षेपार्ह पुस्तक वाचताना आढळली. उद्या मुख्याध्यापिकांना भेटावे.' तिने तो दोनदा वाचला. मुंगी दोन दिवस पोट दुखतंय म्हणून घरीच होती, हे तिला तेव्हा एकदम आठवलं.

संध्याकाळी घरी आल्या आल्या तिने विचारलं, "कुठलं पुस्तक?"

मुंगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. "तुझं. पोहणाऱ्या मुलीचं."

चष्मेवालीला ते पुस्तक पाठ होतं. त्यात पोहायला शिकवणारी एक मुलगी असते आणि बेकरीत काम करणारा एक लाजाळू मुलगा. एकशे बाराव्या पानावर तो तिला विचारतो, "तुझा हात धरला तर चालेल?"

"भाषेच्या सरांनी बाकाखालून ओढून घेतलं," मुंगी म्हणाली. "आधी मला वाटलं, फक्त ठेवून घेतील. मग त्यांनी ते उघडलं. म्हणाले, आपल्या वर्गात एक लेखिका आहे बरं का. आणि तू लिहिलेलं मोठ्याने वाचलं."

"काय वाचलं?"

मुंगीने चादर अंगावर ओढून घेतली. मग सांगताना तिचा आवाज सपाट झाला. "मला असं कुणी कधीच विचारलं नाही. विचारलं असतं तर मी आधी रडले असते, मग हो म्हटलं असतं."

चष्मेवालीचे कान तापले. आधी लाजेने, मग दुसऱ्याच कशाने.

"सगळा वर्ग हसत होता. सरांनी नाटकात वाचतात तसं वाचलं, गळा काढून. सगळ्यांना वाटलं, मीच लिहिलंय."

"मग सांगायचं ना, आईचं आहे म्हणून."

"म्हणजे तुला हसले असते."

चष्मेवाली पलंगाच्या कडेवर बसली. मुंगी अजून भिंतीकडेच बघत होती. "आता मुलं मला बघितलं की विचारतात, तुझा हात धरला तर चालेल. रोज. जिन्यात एकाने विचारलंच नाही. धरला आणि सोडेना. बाकीचे टाळ्या वाजवत होते."

तिने चादरीतून हात बाहेर काढला. मनगटावर हिरवट डाग होता.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो घरी आला तेव्हा त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "त्या पोराच्या बापाशी मी बोलतो. पण मास्तरांच्या तोंडी लागू नकोस. वर्षभर पोरीला तिथेच बसायचंय." चष्मेवाली पोळ्या लाटत राहिली. तिच्या डोक्यात मशीन फिरत होतं.

सकाळी मुंगीला घेऊन ती शाळेत गेली. मुख्याध्यापिकांच्या खोलीत भाषेचे सर आधीच बसले होते. पुस्तक टेबलावर होतं.

मुख्याध्यापिका समजुतीने बोलल्या. "वाचनाला आमचा विरोध नाही. पण वयाला शोभेल असं द्यावं मुलांना."

"हे पुस्तक तिच्याच वयाच्या मुलांसाठी आहे. वय चुकलंय ते माझं. पुस्तक माझं आहे. समासात लिहिलंय तेही मी."

सरांनी पुस्तकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. "ताई, तुम्ही? या वयात?"

"त्रेचाळीस. अजून काही विचारायचंय?"

"तसं नाही हो. पण वर्गात लपून वाचणं ही बेशिस्त आहे."

"आहे. त्याबद्दल तिला बाकावर उभं करायचं होतं. मला बोलवायचं होतं. मी दोन शब्द ऐकून घेतले असते. तुम्ही दुसऱ्याने खाजगीत लिहिलेलं चारचौघांत वाचलंत. आणि गळा काढून वाचलंत."

"गंमत होती," सर म्हणाले. "मुलंही हसली."

"कशावर हसली?" तिने पुस्तक ओढून घेतलं आणि पान उघडलं. तिने त्या ओळीवर बोट ठेवलं. "एक मुलगा एका मुलीला विचारतो, तुझा हात धरला तर चालेल. एवढंच आहे इथे. तुम्ही पस्तीस पोरांना शिकवलंत, की असं विचारणं म्हणजे हसण्याची गोष्ट. दोन दिवसांत एकाने न विचारता धरला. मुंगी, हात दाखव."

मुंगीने हात मागे लपवला. आईने ओढला नाही, नुसती वाट पाहिली. मग मुंगीने बाही वर केली.

मुख्याध्यापिका उठून टेबलाच्या या बाजूला आल्या. डाग पाहून त्यांचा चेहरा उतरला. "हे मला कुणी सांगितलं नाही," त्या म्हणाल्या. मुलाचं नाव त्यांनी लिहून घेतलं, त्याच्या घरी आजच फोन करते म्हणाल्या. सर छताकडे बघत होते.

"ताई, मी दिलगीर आहे," अखेर सर म्हणाले. "झालं समाधान?"

"मला नको. जिथे वाचलंत तिथे म्हणा, आणि हिला म्हणा."

"वर्गात? मुलांसमोर? उद्या मला कोण विचारेल?"

"हिला आज कोण विचारतंय, ते बघितलंत ना?"

मुख्याध्यापिका म्हणाल्या, लेखी द्या, आठवड्याभरात बघू. चष्मेवालीने तिथेच कागद मागून घेतला, लिहून दिलं आणि बाहेर बाकावर जाऊन बसली. बघणं होईपर्यंत मी इथेच आहे, म्हणाली. दुकानात फोन करून सुट्टी टाकली. दोन तास झाले, मधली सुट्टी झाली. येणारे-जाणारे बघत होते. मुंगी शेजारी मान खाली घालून बसली होती आणि मधूनमधून म्हणत होती, "आई, चल ना घरी." तिने मुलीच्या पाठीवर हात ठेवला, पण उठली नाही.

मधल्या सुट्टीनंतर मुख्याध्यापिकांनी दोघींना वर्गात नेलं. सर फळ्यापाशी उभे होते. ते खडू चुरगाळत म्हणाले, "गेल्या आठवड्यात मी जे वाचून दाखवलं, ते हिने लिहिलेलं नव्हतं. माझा गैरसमज झाला."

"गैरसमज ही चूक नव्हे," चष्मेवाली दारातून म्हणाली. "हिचं असतं तरी वाचायचं नव्हतं."

मागच्या बाकावर एक जण खाली बघत होता.

सरांचे कान लाल झाले होते. "हिचं असतं तरी मी वाचायला नको होतं," ते म्हणाले, आणि मग पहिल्यांदाच मुंगीकडे बघून, "मी तुझी माफी मागतो."

मुंगी जाऊन आपल्या जागेवर बसली. चष्मेवालीला वाटलं होतं, आता हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. घरी जाताना राग जिथल्या तिथेच होता.

संध्याकाळी नवऱ्याने बूट काढता काढता विचारलं, "म्हणजे मी विचारलं नव्हतं, असं तू सगळ्यांना सांगून आलीस?"

"सगळ्यांना मी नाही सांगितलं. मी पुस्तकात लिहिलं होतं."

"पण खरंच नव्हतं विचारलं?"

"नाही. एकदाही."

तो चिडला. म्हणाला, तेव्हा कोण विचारायचं, सगळ्यांचं तसंच होतं. ती म्हणाली, सगळ्यांचं तसंच होतं म्हणूनच लिहिलं. यावर दोघांनी बरीच भांडी आदळली. दोन दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. मुंगी तर आईशी एक अक्षर बोलेना. वर्गात उभं केलंस मला, एवढंच एकदा म्हणाली. शाळेत मात्र जात होती. जिन्यात तो प्रश्न आता कुणी विचारत नव्हतं.

रविवारी सकाळी चष्मेवाली कपडे वाळत घालत होती. मुंगी तरातरा गच्चीवर आली आणि पुस्तक कठड्यावर आपटलं.

"शेवट फालतू आहे."

"का गं?"

"ती त्याला इतक्या लवकर माफ कशी करते? तो महिनाभर गायब असतो. कारण काय, तर लाजत होता."

"मीही तिथे लिहिलंय," आई म्हणाली. "शेवटच्या पानावर बघ."

मुंगीने पान काढलं. तिथे पेन्सिलीने लिहिलं होतं, 'आधी जाब विचार, बये.'

मुंगी हसली नाही, पण कठड्यावर चढून बसली. "आणि आल्या आल्या काय म्हणतो, तर तुझी आठवण यायची. यायची तर फोन करायचा. बोटं मोडली होती का त्याची?"

"आणि हिने लगेच केकचा खोका उघडला."

"मी तो खोका त्याच्या डोक्यावर घातला असता."

ओले कपडे बादलीतच राहिले. मायलेकी त्या बेकरीवाल्या पोराला अशा काही तोडून बोलत होत्या, की खालून नवऱ्याने हाक मारून विचारलं, "कुणाला शिव्या घालताय?"

"तुम्हाला नाही," चष्मेवालीने वरून सांगितलं. मग जरा थांबून म्हणाली, "आज तरी नाही."