बुडावरचा अंगठा

सहा डिसेंबरला सकाळी सव्वानऊ वाजता रक्षाने सहा मेणबत्त्या गरम पाण्यात बुडवल्या, फडक्याने चोळल्या आणि ओट्यावर वाळत ठेवल्या. त्यांच्यावर बुरशी चढली आहे असं तिला वाटलं होतं. संध्याकाळी विहारात अभिवादनाला न्यायच्या तर स्वच्छ असाव्यात, एवढंच तिच्या मनात होतं.

ती बुरशी नव्हती. मधमाशीच्या मेणावर थंडीत पांढरी पूड चढते. मऊ सुती कापडाने हलकं पुसलं की जाते. तळेगावच्या त्या घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, रक्षाला सोडून. ती रत्नदीपची बायको होऊन मार्चमध्ये आली. ज्या मुलीने हे सगळ्यांना शिकवलं होतं, ती रत्नदीपची बहीण नंदिनी, त्याच्या आदल्या वर्षी डेंग्यूने गेली होती.

नंदिनी वर्ध्याहून आठ दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आली आणि घरीच मेणबत्त्या करू लागली. साच्यातून निघालेल्या मेणबत्तीचं बूड ती गरम तव्यावर टेकवून सपाट करायची आणि मेण मऊ असतानाच त्यात उजवा अंगठा दाबायची. "कंपनीचा शिक्का," म्हणायची. गिऱ्हाइकाला बजावायची, "वात पाव इंचच ठेवजा. पहिल्यांदा लावली का मेण काठापर्यंत वितळू देजा, नाई तर वातीभोवती खड्डा पडते. अन् वाऱ्यात ठेवू नका."

तिच्या आईने, सुलोचनाने, या शेवटच्या सहा कधी पेटवल्या नव्हत्या. उन्हाळ्यात वाकू नयेत म्हणून त्यांचा डबा ती माठाच्या आडोशाला ठेवायची. घरात कुणी नसलं की एखादी उलटी करून त्या खळग्यात आपला अंगठा टेकवायची. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

अकरा वाजता ती विहाराची झाडलोट करून परतली.

"आई, बुरशी लागलती. म्या धुऊन काढल्या," रक्षा म्हणाली. "पाहा, कशा चमकून राह्यल्या."

सुलोचनाने एक उचलली, उलटी केली. मग दुसरी. सहाही पाहून झाल्या. सगळी बुडं गुळगुळीत होती.

"काय झालं?"

"काई नाई." ती परसात निघून गेली.

रत्नदीपने स्वयंपाकघरात हळू आवाजात बायकोला सांगितलं, त्या बुडांवर काय होतं ते. रक्षाने सहाही मेणबत्त्या उलट्या करून पाहिल्या. थोड्या वेळाने ती परसात गेली.

"आई, मले बोला काहीतरी."

"तुले काऊन बोलू? सांगतलं नाई ते मीनंच."

"विकलेल्यातली एखादी कोणाकडं असंल."

"मेणबत्ती का कोणी जपून ठेवते? जाळून टाकल्या असतील." मग सुलोचनाला आठवलं. तानबा टेलरने एक मोडकी मेणबत्ती नेली होती, दोऱ्यावर घासायला. मेण लावलेला दोरा गुंतत नाही.

एक वाजता दोघी त्याच्या दुकानात गेल्या.

"सासू-सून संगंच?" तानबा मशीनवरून मान न उचलता म्हणाला. "म्हणजे ब्लाऊज नाई, भांडणच शिवाचं असंल."

रक्षाने सांगितलं. त्याने मशीन थांबवलं.

"होती, वहिनी. अर्धाच तुकडा होता. बुडाचा का शेंड्याचा, ध्यान नाई. दिवाळीत माही गुंजन घेऊन गेली. तिच्या कपाटाचा खण अटकत होता, त्याले घासाले."

त्याची मुलगी गुंजन पिपरी मेघेला राहते. त्याने तिथूनच फोन लावला आणि सुलोचनाच्या हाती दिला. गुंजन कामावर होती.

"हाय ना मामी, त्याच खणात पडून हाय. दोन बोटं उरला."

"खाली अंगठा हाय का, बाई?"

"पाह्यलं नाई कधी. घासता घासता एक बाजू झिजली. कोणती झिजली, ते घरी गेल्यावर सांगतो. रक्षावहिनीच्या नंबरवर फोटो टाकतो."

सहा वाजता सुलोचनाने कात्री घेतली आणि सहाही वाती पाव पाव इंच ठेवून कापल्या.

"एक तरी ठेवा, आई," रक्षा म्हणाली.

"काय ठेवू? आता मेणच हाय ते."

विहारात वंदना सुरू झाली. ओल्या वाती आधी तडतडल्या. मग सहाही ज्योती स्थिर झाल्या. धूर नव्हता. आजूबाजूला पांढऱ्या साड्यांत बसलेल्या बाया कशाचा वास येतो म्हणून इकडेतिकडे बघत होत्या. मधाचा वास होता. सुलोचना वितळलेलं मेण काठापर्यंत पोचतं की नाही तेवढं बघत होती.

रक्षा तिच्या शेजारी मांडीवर मोबाईल घेऊन बसली होती. सात पन्नासला गुंजनचा निरोप आला: घरी पोचली, खण पुन्हा अटकला, ओढून राह्यली.

आठ वाजून दहा मिनिटांपर्यंत फोटो आलेला नव्हता.